जास्तीची माती

ऑपरेटरबाईंची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्यांचं नाव तेच राहिलं. उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन लोकांना जोडून देण्यात घालवला. आपण कोणाला फोन करायचा, हा प्रश्न निवृत्तीनंतर पडला आणि त्याचं उत्तर काही सापडलं नाही. नवरा लवकर गेला, भाऊ परदेशी, मूलबाळ नाही.

घरामागे मात्र जमिनीचा छोटा तुकडा होता. त्याला खत हवं म्हणून त्यांनी एकदा शेजाऱ्यांकडे भाज्यांच्या साली मागितल्या, आणि लोक रोजच आणून देऊ लागले. समोरचे शिंपीकाका, वरच्या मजल्यावरची सूनबाई, कोपऱ्यावरचा कंपाउंडर. घंटा वाजायची, डबा रिकामा व्हायचा, दारातच गुडघ्यांची आणि सूनबाईच्या सासूची विचारपूस व्हायची. खत हे नुसतं निमित्त. बाईंना हवी होती ती घंटा, पण हे त्यांनी जीव गेला तरी कोणाला सांगितलं नसतं.

मागच्या वर्षी टोमॅटोची रोपं नुसती पानांनी माजली, फळ औषधालाही नाही. म्हणून यंदा थंडी ओसरायला लागली तशा बाई मूठभर माती पिशवीत घेऊन रोपवाटिकेत गेल्या. तिथल्या माणसाने ती बोटांत चुरली, तपासली आणि हसला.

"लोक मातीला उपाशी मारतात, तुम्ही हिला अजीर्ण करून ठेवलंत. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही, बाई. वरचा थर काढून कोणाला तरी देऊन टाका, वाफे वाळक्या पानांनी झाका आणि लावणीपर्यंत खताचं नाव काढू नका."

बाई रिकाम्या पिशवीची घडी करत घरी निघाल्या. खत नको म्हणजे साली नकोत, आणि साली नकोत तर दारात कोण कशाला येईल? संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा 'नको' हा एवढासा शब्द काही तोंडातून निघेना. त्यांनी हसून डबा घेतला आणि सकाळी त्या साली गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत नेऊन टाकल्या. मग रोजच तसं सुरू झालं.

एका सकाळी शिंपीकाकांनी त्यांना कुंडीपाशी पाहिलं. माणूस समजूतदार, आणि तिथेच घात झाला. संध्याकाळी ते फाटकाबाहेरूनच म्हणाले, "बाई, तुमचा हेलपाटा वाचवला. सगळ्यांना सांगितलंय, साली परस्पर कुंडीत टाका म्हणून."

बाईंनी आभार मानले. दुसरं काय करणार?

घंटा गप्प झाली. नेहमीच्या वेळेला बाई उगाच दाराशी जाऊन उभ्या राहत. एकदा तर त्यांनी बाहेर जाऊन स्वतःच बटण दाबून पाहिलं. घंटा ठणठणीत होती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, एकटीसाठी ताट वाढायचा कंटाळा आला.

माती मात्र सुधारत होती. पानांखाली ओल धरून राहिली, गांडुळं दिसू लागली. वरचा काढलेला थर कोपऱ्यात ढीग होऊन पडला होता. कोणाला द्यायचा? स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिंपीकाकांच्या गॅलरीतल्या कुंड्या दिसत. त्यांतली माती विटेसारखी झालेली, रोपं पिवळी पडलेली.

जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या घंटा वाजवणाऱ्या बाईंनी या गल्लीत स्वतःसाठी कोणाचीही घंटा वाजवली नव्हती. त्यांनी डबा भरला, रस्ता ओलांडला आणि बटण दाबलं. आतून चपलांचा आवाज आला तेव्हा परत फिरावं असं फार वाटलं.

"तुमच्या कुंड्यांना आणलीय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे जास्त झाली."

शिंपीकाकांनी माती हातात घेऊन पाहिली. त्यांचा चेहरा खुलला.

"झकास आहे हो. आत्ता हातात काम आहे. डबा उद्या आणून दिला तर चालेल?"

घाई नाही, सवडीने द्या, असं भिडेखातर बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"उद्या नक्की आणा," त्या म्हणाल्या. "मी घरीच असते."