मागच्या सीटचा प्रश्न

आमच्या घरात सलग दोन हिवाळे एकच सहल आखली जात होती. आखणारे दोघे होते. एक माझे यजमान आणि दुसरे त्यांचे मित्र, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो. मी फक्त लिहून घ्यायची. माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा गुन्हा.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही दोघं आणि आमची मुलगी बदलापूरला, कात्रपला, नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. शेठ सिंधी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांचा जाकिटं शिवायचा कारखाना होता, म्हणजे एका लांबट खोलीत सहा मशीन आणि सहा कारागीर. दोघांची ओळख गॅरेजमध्ये झाली. दोघांच्या मोटरसायकली एकाच दिवशी बंद पडल्या होत्या आणि दोघंही मेकॅनिकला त्याचं काम शिकवत उभे होते. असे दोघं भेटले की मैत्री व्हायला वेळ लागत नाही. मेकॅनिक मात्र त्या दिवशी जेवायला जातो म्हणून गेला तो संध्याकाळी परतला.

बेत असा होता की जानेवारीत मोटरसायकलींवरून राजस्थानचं वाळवंट गाठायचं, तिथून वर सिमल्याच्या बाजूला बर्फात जायचं आणि धडधाकट परत यायचं. वाळवंटाला हिवाळा बरा, पहाडाला उन्हाळा बरा, आणि रजा मिळणार एकदाच. ह्यावर दर रविवारी एक तास वाद व्हायचा. शेवटी शेठ म्हणाले, "भाभी, लिखो. हिवाळा. थंडीला कपडा असतो, गरमीला काय असतो?" जाकिटं शिवणाऱ्या माणसाचं मत दुसरं काय असणार? मी लिहिलं, हिवाळा.

आता खरं सांगते. मला जायचं होतं. नुसतं बरं वाटेल म्हणून नाही, अगदी मनापासून, जीव टाकून जायचं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवायची. वाळू लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून वाळवंटात दिवस गरम आणि रात्र गार, हे वाक्य मी अकरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. नकाशात थरच्या वाळवंटावर माझी पट्टी इतक्या वेळा टेकली होती की तिथला कागद विरला होता. आणि स्वतः मी नाशिकच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, वाळवंटात रात्री वाळूला हात लावला तर खरंच गार लागते का हो?" मी ठसक्यात म्हटलं, "लागते." मग दिवसभर मला माझाच राग येत राहिला. मला काय ठाऊक, गार लागते की काय लागते!

पण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि न विचारता 'मी पण येते' म्हणणं आमच्या माहेरी सात पिढ्यांत कोणाला जमलेलं नाही. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण घरी येऊन दिलं तरी दुसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय कोणी चपला पायात घालत नाही. तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं. चहाच्या कपबश्या तेवढ्या जरा आदळून ठेवायची. ह्यांना वाटायचं, बशीला तडा गेलाय म्हणून आवाज येतो.

बेत तसा बाळबोधच होता. ह्यांनी नकाशावर पट्टी ठेवून उदयपूर ते जोधपूर सरळ रेघ मारली. मी म्हटलं, "अहो, मध्ये अरवली आहे." हे म्हणाले, "असू दे, सावकाश जाऊ." शेठना वाटेत गाव कुठलं लागतं ह्यापेक्षा तिथे खायला काय मिळतं ह्याची काळजी. त्यांच्या आग्रहावरून मी एक संपूर्ण पान लोणची आणि पापडांना दिलं. मग पुन्हा सगळं खोडून मी माझ्या पद्धतीनं मुक्काम पाडून दिले, रोजचं अंतर, सूर्य किती वाजता मावळेल, बिकानेरहून तेव्हा पेटलेल्या पंजाबात न शिरता हिसारवरून कसं जायचं, सगळं. दोघांनी माना डोलावल्या. "भाभी, तुम्ही तर जाऊन आल्यासारखं लिहिता," शेठ म्हणाले. मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

मग तालमी सुरू झाल्या. वाळवंटाची तालीम उल्हास नदीच्या काठच्या रेतीत झाली. दोघांनी मोटरसायकली रेतीत घातल्या आणि वीस पावलांवर दोन्ही चाकं पार रुतली. पलीकडे एक शेतकरी म्हशी धूत होता. त्यानं बराच वेळ हा प्रकार पाहिला आणि शांतपणे विचारलं, "दादा, गारी धुवाला आनलीस का?" शेवटी त्यानंच हात लावून दोन्ही गाड्या बाहेर काढल्या. घरी येऊन हे म्हणाले, "रेतीचा अंदाज आला."

थंडीची तालीम करायची गरज नाही, असं ह्यांचं मत होतं. बदलापूरच्या माणसाला थंडीचा भारी गर्व. मुंबईला पंखे फिरत असतात तेव्हा आमच्याकडे गोधड्या निघतात, हे आम्ही पाहुण्यांना दारातच सांगतो. पण शेठचं जाकिटांवर प्रेम होतं, त्यांना ती पारखून घ्यायची होती. त्यांच्या ओळखीचा एक बर्फाचा कारखाना होता. ठरलं, की नवी जाकिटं घालून दोघांनी तिथल्या लाद्या ठेवायच्या खोलीत पंधरा मिनिटं बसायचं. मी बाहेर घड्याळ घेऊन उभं राहायचं. म्हणजे सहलीला नाही, पण सहलीच्या तालमीला माझी नेमणूक झाली.

दोघं छाती काढून आत गेले. साडेआठ मिनिटांनी दार धडाधडा वाजलं. शेठ बाहेर आले ते बुडता बुडता वाचलेल्या माणसासारखे डोळे मोठे करून, तोंडानं नुसतं "ओ साईं, ओ साईं" चाललेलं. हे मागून आले. ह्यांच्या भुवयांना लाद्यांवरचा लाकडाचा भुसा चिकटला होता. "जाकीट चांगलं आहे," हे दात वाजवत म्हणाले, "पाय गार पडतात."

मी म्हटलं, "मी बघू का आत जाऊन?"

"तू कशाला? तुला आधीच सर्दी आहे."

तू कशाला! माझं डोकंच फिरलं. मी घड्याळ ह्यांच्या हातात कोंबलं, पदर खोचला आणि साडीवर, साध्या चपलांवर आत गेले. खरं तर तिसऱ्या मिनिटालाच मला आई आठवली. कानाच्या पाळ्या आहेत की गळून पडल्या, कळेना. पण रागाला ऊब असते. मी पाढे म्हणायला लागले. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचले तेव्हा ह्यांनी दार उघडून मला ओढून बाहेर काढलं. तेरा मिनिटं झाली होती. माझे ओठ निळे पडले होते म्हणे. शेठनी दोन्ही हात जोडले. ह्यांनी परतताना वाटेत थांबून मला दोन ग्लास गरम दूध पाजलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, शेठ बगलेत एक पुडकं घेऊन आले. चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद. हे पण आंघोळ करून, भांग पाडून तयार. पुडकं माझ्यापुढे ठेवून हे म्हणाले, "उघड."

उघडलं. आत एक काळं जाकीट होतं. कापसाचं जाड अस्तर, वर रेक्झिन, कडेनं पांढरी फर. पण ते जाकीट मी हातात धरून उभं केलं तर बरगड्यांच्या खाली संपलं. बाह्या कोपरापर्यंतच होत्या. पुढे चेनच्या जागी सहा हुक होते. आणि पाठीला चांगला हातभर खोल गळा, त्यालाही चारी बाजूंनी फर लावलेली.

"कोणाचं हे?" मी विचारलं. मला वाटलं, एखाद्या नाचगाण्याच्या पार्टीचं काम चुकून इकडे आलं.

हे पांढरेफटक पडून त्या गळ्याकडे बघत होते. शेठही बघत होते. पुडकं कारागिरानं बांधून दिलं होतं, शेठनी ते सोडून पाहिलं नव्हतं. मग हळूहळू उलगडा झाला. ह्यांनी माझ्या कपाटातून मापाचा ब्लाउज काढून नेला होता. आपण शिंप्याला माप म्हणून जुना ब्लाउज देतो, तोच. शेठनी तो कारागिराकडे टाकला आणि म्हणाले, ह्या मापाचं जाकीट बनव. आणि उल्हासनगरचा कारागीर तो. तुम्ही नमुना द्या, तो हुबेहूब तस्संच करून देणार, त्यात स्वतःची अक्कल घालणं त्याला पाप वाटतं.

"भाभी, त्याची काय गलती नाय," शेठ कळवळून म्हणाले. "आमच्या कॅम्पमधी सॅम्पलच्या बाहेर एक टाका जात नाय."

"पण माझ्या मापाचं जाकीट हवंच कशाला?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच वेडी. "म्हणजे काय? तू काय नुसत्या स्वेटरवर येणार आहेस? बर्फात?"

"कुठे येणार?"

आता दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"अगं, सहलीला," हे म्हणाले.

माझ्या हातातून जाकीट खाली पडलं. मी वही ओढली. माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, गॉगल तीन, मफलर तीन, पाण्याच्या बाटल्या तीन. हे सगळं ह्यांनी सांगितलं होतं आणि मी लिहिलं होतं. मला वाटलं, तिसरं ह्यांच्यासाठी जास्तीचं, कारण हे प्रत्येक वस्तू एकदा तरी हरवतात.

"मुलीचं काय मग?" मी विचारलं.

"तुझ्या आईला विचारलंय ना मी. दिवाळीतच. त्या येऊन राहतायत."

"आणि माझी शाळा?"

"मोठ्या बाई भाजी घेताना भेटल्या होत्या. म्हणाल्या, रजेचं बघू, पण सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला हजर पाहिजे."

आईला माहीत होतं. मोठ्या बाईंना माहीत होतं. नऊ वर्षांच्या मुलीला माहीत होतं, कारण तिनं उंटाच्या केसांचा गोंडा मागून ठेवला होता. कॅम्प पाचमधल्या त्या कधी न पाहिलेल्या कारागिराला माझी छाती, कंबर आणि बाही माहीत होती. गावाला विचारून झालं होतं. राहिले होते ती मी.

"मला विचारलंत का?" मी म्हटलं.

"तुला काय विचारायचं?" ह्यांना खरंच कळत नव्हतं. "तू नाही तर मागच्या सीटवर कोण बसणार? मी जाईन का तरी?"

दोन हिवाळे! दोन हिवाळे मी ह्या माणसावर मनातल्या मनात धुसफुसत होते, कपबश्या आदळत होते, बर्फाच्या खोलीत एकोणतीसचा पाढा म्हणत होते, आणि ह्यांच्या डोक्यात पहिल्या रविवारापासून मी मागच्या सीटवर बसलेली होते. मला हसावं की ह्यांचं डोकं फोडावं ते समजेना. सुख झालं होतं, हे खरं. पण संताप त्याहून जास्त होता. सीटवर बसलेली होते म्हणजे काय? सामानात धरलेली होते. स्टोव्ह न्यायचा तर स्टोव्हला कोणी विचारत नाही.

शेठ उठले. "मी नंतर येतो," म्हणाले आणि चहा न पिता गेले. इतक्या वर्षांत हे एकदाच घडलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. हे मागोमाग दारापर्यंत आले. आत यायचं धाडस नव्हतं.

"जाकीट दुसरं शिवून देतील," हे म्हणाले.

"जाकिटाचं राहू दे. विचारा."

"काय विचारू?"

"मला. येतेस का म्हणून. आईला विचारलंत, तसं."

ह्यांनी बनियन खाली ओढून सरळ केला. घसा खाकरला. ह्या माणसानं मला लग्नाआधीसुद्धा काही विचारलं नव्हतं, ते सगळं थोरामोठ्यांनी परस्पर ठरवलं होतं. मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसे हात शरीराला लावून हे उभे राहिले आणि म्हणाले, "येतेस का माझ्याबरोबर?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. साधंसुधं नाही, चांगलं हुंदके देऊन. थांबता थांबेना.

हे घाबरले. "बरं, बरं. नसेल यायचं तर राहू दे. जबरदस्ती नाही. आम्ही दोघंच जाऊन येतो."

"खबरदार!" मी ओरडले. "येणार आहे मी!"

माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "कुठे गं?"

मी पदरानं नाक पुसलं, गॅलरीत गेले आणि कठड्यावरून वाकून म्हटलं, "वाळवंटात. आणि तिथून पुढे बर्फात. ह्यांनी विचारलंय मला."