ग्लोरियाचा प्रश्न

सुट्टीनंतर लॅबचे कॉम्प्युटर सुरू केले की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला ग्लोरियाची एक दुपार आठवते. ग्लोरिया माझगावची, माझी पहिली संशोधक विद्यार्थिनी. सुट्टीनंतरच्या त्या दुपारी आम्ही एका कॉम्प्युटर व्हायरसची चाचणी घेत होतो. तेवढ्यात तिच्या भावाचा फोन आला. परळच्या इस्पितळातले कॉम्प्युटर बंद पडले होते आणि तिची आई तिथेच ऑपरेशनला आत होती.

"मॅडम, आपल्याकडून तर नाही ना गेला बाहेर?" तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी एकेक वायर तपासली. लॅब बाहेर कुठेच जोडलेली नव्हती.

"आपला नाही गं."

ती मटकन खाली बसली आणि रडली. संध्याकाळी आई शुद्धीवर आली.

तेव्हा वाटलं, पोर फार भित्री आहे. आज लॅब तीच सांभाळते आणि कुठेही काही बंद पडलं की आधी तोच प्रश्न विचारते, म्हणून मी निर्धास्त असते.