निळ्या चौकटीची बाही

मला सांगा, अंधारात माणसानं विश्वास ठेवायचा कोणावर? गाईडवर? नशिबावर? मी ठेवला स्वतःच्या अंगठ्यावर, आणि असा काही तोंडावर आपटलो की आता काय सांगू तुम्हाला!

आपलं शिक्षण चौथीपर्यंत. पण गुलमंडीत कापडाच्या दुकानात उभा जन्म काढला. डोळे बांधा, हातात चिंधी द्या. सुती की टेरीकॉट, अंगठा फिरवून सांगतो. या अंगठ्याचा मला लई माज होता.

ते दुष्काळाचं वर्ष. आमच्या पुंडलिकनगरात आमच्यासारख्यांची नवी घरं भराभर उभी राहत होती, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. घरात मी आणि आठ वर्षांची मिनू. दोघांत बोलणं किती?

"डबा संपवला?"

"हो."

"गृहपाठ?"

"झाला."

संपलं! गिऱ्हाइकाला तासभर बोलण्यात गुंगवणारा मी, पण पोरीपुढं बसलो की जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी शेजारच्या काकूंनीच मला झापलं. "अहो शेठ, पोरीला कुठंतरी फिरवून आणा! एक रविवार दुकान बंद ठेवलं तर शहर काय उघडं फिरणार नाय!"

नेली दौलताबादला. मिनूच्या अंगात निळ्या चौकटीचा फ्रॉक, आमच्याच दुकानातल्या कापडाचा. मी मनाशी ठरवलं होतं, आज पोरीशी बोलायचंच. पण किल्ला अर्धा चढून झाला तरी आमचं "पाणी पाहिजे?" "नको" याच्या पुढं जाईना.

मग आली अंधारी. तो काळाकुट्ट बोगदा हो, किल्ल्याच्या पोटातला. वटवाघळांचा वास, पायाखाली वेड्यावाकड्या पायऱ्या. आणि गाईडनं गंमत म्हणून बॅटरी विझवली! एकच गलका उठला, धक्काबुक्की झाली, आणि मिनूचा हात सुटला.

चाचपडलो. एक छोटी बाही हाताला लागली. अंगठा फिरवला. सुती, जरा खरबरीत... आपलाच माल! धरला हात. तर तो हातही माझ्या हाताला गच्च बिलगला. दोन वर्षांत पहिल्यांदा!

अंधारात तोंड दिसत नसलं की माणसाला धीर येतो. लागलो बोलायला.

"घाबरू नको बाळा. मलापण भीती वाटते. तुला माहितीय, नळ येतो त्या दिवशी ड्रम भरला की मी अजून स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडतो, अगं, नळ बंद कर! मग आठवतं. मग मीच उठून बंद करतो. तुला आईची आठवण आली तर मला सांगत जा. मलापण येते."

पलीकडून हात आणखी आवळला. मी म्हटलं, जिंकलो!

उजेडात आलो. खाली बघतो तर माझ्या हातात पोरगा! डोळ्यांत पाणी, नाकाला शेंबूड आणि अंगात निळ्या चौकटीचा शर्ट!

"तू कोण रे?"

"इम्मू."

"मग आतमध्ये सांगायचं नाही का?"

"तुम बाताँ कर रहे थे ना अंकल, तो मेरेकू डर नै लगा."

एवढ्यात त्याचे अब्बा धापा टाकत मागून आले. मला बघून थबकले. "अरे शेठ, तुम?"

मी नुसतंच शर्टाकडं बोट दाखवलं.

"तुम्हारेच दुकान का कपडा! ईद को लिया. छाती पे हाथ रख के तुमीच बोले थे, भाई, पूरे शहर में एकच पीस है!"

आता तुमच्यापासून काय लपवू? बारा तागे होते. दुष्काळात माल उठेना, म्हणून येईल त्याच्या गळ्यात 'एकच पीस' म्हणून मारत होतो. बोलून बोलून ते मलाच खरं वाटायला लागलं होतं!

आणि मिनू? ती आली इम्मूच्या अम्मीचं बोट धरून. तोंडाचा पट्टा सुरू! शाळा, मैत्रिणी, आईच्या हातची धपाटी, आईचं गाणं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही लांबून.

अम्मी कौतुकानं म्हणाली, "कित्ता बोलती बच्ची, भाईसाब! तुमकू तो घर में करमत नै, ऐसा होताच नै होंगा."

"हौ ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या एसटीत मिनू खिडकीशी बसली. तिच्या तोंडाकडं बघून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून समोरच्या सीटकडं बघत मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ड्रम, नळ, हाक, आठवण. एक शब्द गाळला नाही. शहराच्या वेशीवरची छावणी आली तसा कंडक्टर वाकून म्हणाला,

"काका, कुणाशी बोलायलात? पोरगी तर दौलताबाद सुटल्यापासून झोपलीय!"

आता मिनू पुण्यात असते. रविवारी फोन येतो.

"जेवलात?"

"हो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

संपलं!

तेव्हा तुम्हाला हात जोडून एकच विनंती. पोरांशी आपण किती बोललो, याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. झोपलेल्या पोरीला सांगितलेलं त्यात धरू नका. आणि दुसऱ्याच्या पोराला सांगितलेलं तर मुळीच धरू नका. नाहीतर, काय सांगू, माझी जमा लई मोठी निघेल!