कुंचीतला वरवंटा

शनिदेव चांगला की वाईट, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. त्याचं खापर मी सरळ आमच्या शाळेच्या मास्तरांवर फोडते.

मंगरूळपीरजवळ आमचा भाजीचा मळा होता. वांगी घ्यायला आले की मास्तर विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर टेकत आणि मला एखादी गोष्ट सांगत. त्या हिवाळ्यात त्यांनी ग्रीक लोकांच्या एका दुष्ट देवाची सांगितली. नाव क्रोनस. मेला आपलीच लेकरं एकेक करून गिळायचा. शेवटी बायकोनं दगडाला बाळोतं गुंडाळून दिलं, अन् यानं लेकरू समजून तोच गिळला. "लॅटिनमध्ये त्याचं नाव सॅटर्न," मास्तर म्हणाले, "आणि सॅटर्न म्हणजे आपला शनी."

"मंग आमचा बाप त्याले दर शनवारी तेल कायले वाह्यते?"

मास्तर गडबडले. ग्रह वेगळा, गोष्ट वेगळी, असं काहीबाही म्हणाले. आत्ताच तर एक म्हणत होते. माझं डोकं पार भणाणून गेलं.

कारण घरात तान्हा भाऊ होता. त्याच्याआधीची दोन गेली होती, दोन्ही थंडीत, छाती भरून. बापाला साडेसाती. जोशीबुवांनी सांगितलं होतं, बारसं झालं की शनिवारी पहाटे पोराला शनीच्या ओट्यावर ठेव, ऊन येईस्तोवर. बापानं मान डोलावली होती. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मी तिला ती गोष्ट सांगितली. तिनं एवढंच विचारलं, "कोन्या गावची व्हती ते बाई?"

मला काय ठाऊक.

शुक्रवारी बारसं झालं. बारशाला आमच्याकडे वरवंट्यालाही कुंची घालतात, बाळासारखंच त्यालाही पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात. बायका गेल्या तरी आईनं त्याची कुंची काढली नाही. विसरली असेल, असं मला वाटलं.

पहाटे तिनं घोंगडीत गुंडाळलेलं बाळ बापाच्या हातात ठेवलं. बापानं ते जरा तोललं, तिच्याकडे पाहिलं अन् निघाला. मी आत गेले, तर भाऊ माझ्या गोधडीत गाढ झोपलेला. आता देव खवळणार की बाप, काही कळेना.

ऊन चढल्यावर बाप रिकाम्या हातानं आला. आई पांढरीफटक पडली.

"त्याचं त्याले देऊन आलो," बाप म्हणाला. "बजारातून नवा वरवंटा आनतो. तवर चटनी राहू दे."

भाऊ जगला, आता त्याला नातवंडं आहेत. बाप मरेपर्यंत दर शनिवारी तेल घेऊन जात राहिला, आई लांबून हात जोडत राहिली. देव फसला, की बापासारखाच जाणूनबुजून गप्प बसला? ओट्यावर आता दोन दगड आहेत, लोक दोघांनाही तेल घालतात. मी गेले की गोंधळते, अन् मग वरवंट्यालाच हात जोडून येते.