एका वायफायवर बसलेलं गाव

माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या बस दर गणपतीला गावी जातात. इतकी वर्षं चारकोपला मंडळाच्या खोलीत जमून कागदावर नावं लिहायचो. यंदा माझ्या लेकाने साइट बनवली. कंपनीत तो सर्व्हरच सांभाळतो ना.

"आई, झकास चालणार बघ. दोन सर्व्हर लावलेत आणि पुढे लोड बॅलन्सर. गर्दी झाली की तो माणसं दोघांत वाटून देतो."

शाळा माझी चौथीपर्यंत, पण विचारायची लाज मला नाही. म्हटलं, "वाटतो कसा रे?"

"इंटरनेटच्या पत्त्यावरून. एका पत्त्याची माणसं कायम एकाच सर्व्हरकडे. लॉगिन त्याच्याच लक्षात असतं, दुसरा ओळखणार नाही."

मी आपली मान डोलावली. तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

सीट हवी होती माझ्या थोरल्या जावेला. घरच्या गणपतीची पाळी चार भावांत फिरते आणि यंदा तिची. चार वर्षांपूर्वी, मागच्या पाळीला, तिचे यजमान, आमचे भावोजी गेले, ते वर्ष सुतकात गेलं. म्हणजे आठ वर्षं थांबलीय बाई. गुडघे असे, की पुढच्या पाळीला घाट उतरवेल की नाही, देव जाणे.

रविवारी सकाळी दहाला बुकिंग उघडणार होतं. आमची माणसं काय घरी एकेकटी बसून फोन दाबणार? नेहमीसारखी मंडळाच्या खोलीत जमली. खोलीतलं एकच वायफाय आणि फोन पन्नास. दहा वाजले आणि सगळ्यांच्या फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं.

"वाट लागली रे!" कोणीतरी ओरडलं.

जाऊ माझ्या खांद्याला धरून विचारतेय, "गावली काय गो? औंदा मी नाय गेलंय तर चूल कोण पेटयतला?"

नाही गावली. टॉवरच्या फ्लॅटात आपापल्या घरी, आपापल्या वायफायवर बसलेल्या आमच्याच गावकऱ्यांनी दहा मिनिटांत बस भरल्या.

दुपारी लेक लॅपटॉपमध्ये बघून म्हणतो, "आई, खोलीतल्या सगळ्यांचा पत्ता बाहेरून एकच दिसत होता. सगळे पहिल्याच सर्व्हरवर पडले, तो झोपला. दुसरा जवळजवळ रिकामाच होता."

"आणि तपासलं कुठे होतंस?"

"मित्रांनी तपासलं ना, आपापल्या घरून."

"मित्रांनी! अरे, त्या खोलीत तू रांगायला शिकलास. आपली माणसं कुठे बसून नाव नोंदवतात ते तुला माहीत नव्हतं?"

"आता झालं ना बुकिंग. रद्द केलं तर भांडणं होतील."

"होऊ देत!"

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष मला समजावतात, "काकी, मशीन आहे. कोणाचा दोष नाही."

"मशीनचा नाहीच. माझ्या लेकाचा आहे. उभा राहा रे."

उभा राहिला. मान खाली घालून सगळं सांगितलं. तासभर आरडाओरड झाली, मग बुकिंग रद्द झालं. आठवड्यात त्याने दोन्ही सर्व्हरची लॉगिनची नोंद एकाच जागी ठेवली, दोघांनाही दिसेल अशी, आणि पत्ता बघून माणसं वाटणं बंद केलं. आता कोणीही कुठल्याही सर्व्हरकडे गेलं तरी ओळख लागते. पुढच्या रविवारी त्याच खोलीतून, त्याच वायफायवरून जावेला सीट मिळाली. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, "बरा केलंस रे, बाबू." आणि हा हसतोय! माझं डोकं आणखी तापलं.

कारण माझ्या नणंदेला पहिल्या रविवारी स्वतःच्या घरून मिळालेली सीट बुकिंग रद्द झाल्यावर गेली. दुसऱ्यांदा लागलीच नाही. तिने तर काहीच चूक केली नव्हती. ती माझा फोन उचलत नाही आणि बरोबर करते. लेकाला म्हटलंय, आत्याच्या घरी स्वतः जा, पाया पड, चूक कबूल कर. अजून गेलेला नाही. वेळ नाही म्हणतो.