डॉक्टरांची जाळीची खोली

आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढचे पडदे, मांडवाच्या कनाती. नवरा गिऱ्हाइकाशी बोलतो आणि कापड कापतो, शिवते मी. गिऱ्हाईक मात्र शिवणीबद्दलही त्यालाच विचारतं, आणि तोही उत्तर देतो. त्याच्याकडे कशालाही नाही म्हणण्याची पद्धत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता एक निवृत्त सर्जन दुकानात आले. शहरात धंतोलीतलं हॉस्पिटल मुलाच्या हाती देऊन ते आता निसर्गात राहायला लागले होते. निसर्गात म्हणजे शनिवार-रविवार. मौद्याच्या अलीकडे शेत होतं, तिथे त्यांनी गाडीमागे ओढायचा एक ट्रेलर नेऊन ठेवला होता. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढा संडास. तेवढ्या पैशांत शेतावर एक चांगली खोली झाली असती, पण खोली काय, कोणीही बांधतो.

त्यांच्या हातात परदेशातल्या कुठल्याशा ट्रेलरचं छापून आणलेलं चित्र होतं. ट्रेलरला लागून जाळीची खोली, आत खुर्च्या टाकून बसलेलं गोरं जोडपं आणि एक कुत्रा. तिघंही खूश. डॉक्टरांना हुबेहूब तसंच हवं होतं. मच्छरांशिवाय बाहेर बसून जेवता आलं पाहिजे. नवऱ्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि होऊन जाईल म्हणाला. मी मशीनवरून विचारलं, ट्रेलर उभा कुठे आहे? डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहूनच सांगितलं, की धानाच्या बांध्यांच्या अगदी काठावर, तिथून व्ह्यू फार सुंदर आहे.

धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, म्हणजे साचलेलं पाणी. इतकी वर्षं लोकांची पोटं फाडून शिवणाऱ्या माणसाला मच्छर कुठून येतात हे ठाऊक नसावं, याचं मला नवल वाटलं नाही. मोठ्या माणसांना मोठ्याच गोष्टी ठाऊक असतात.

माप घ्यायला आम्ही दोघं गेलो. ट्रेलरच्या वरच्या कडेला एक खाच होती; छताच्या कापडाची दोरी घातलेली कड तिच्यात सरकवायची आणि बाकी तिन्ही बाजूंना पाइपाच्या चौकटीवर जाळी ताणायची. काम अवघड नव्हतं. पण ट्रेलर चाकांवर उभा, त्याच्या पोटाखाली हातभर मोकळी जागा. मी म्हटलं, इथून खाली जमिनीपर्यंत झालर लागेल, नाहीतर तीन बाजूंची जाळी लावून उपयोग काय. डॉक्टरांनी चित्र पुढे धरलं. चित्रात झालर नव्हती. मग मी दाराचं बोलले. ट्रेलरचं स्वतःचं दार जाळीच्या बाहेर, कोपऱ्याला लागून राहत होतं. वारा पाण्यावरून येतो, तर खोलीचं दार तिकडे नको, ट्रेलरच्या दाराजवळ घ्या, म्हणजे स्वयंपाकाचं आणणं-नेणंही दोन पावलांत होईल. डॉक्टर हसले. दार व्ह्यूकडेच हवं, नाहीतर सगळ्याचा अर्थ काय, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावलं. नवऱ्याने मान हलवली.

हे सगळं चालू असताना त्यांच्या बायकोने आमच्यापुढे चहा ठेवला. साठीच्या आसपासची बाई, चांगल्या कॉटनच्या साडीत. ट्रेलरच्या पायऱ्या उतरून, चप्पल घालून, पुन्हा चढून, अशा तिने चहासाठी चार चकरा मारल्या. झालरीचं बोलणं तिने ऐकलं आणि कपाकडे पाहत राहिली. मला तिचा डॉक्टरांहून जास्त राग आला. ते तर अडाणी होते. ही मुकी होती. इतकं शिकून, इतक्या मोठ्या घरात राहून ज्या बाईला दार कुठे असावं हेही म्हणता येत नाही, तिने मच्छरांतच जेवावं, असं मी परतताना नवऱ्याला म्हटलं.

"तुले काहून त्रास होऊन राहिला वं?" तो म्हणाला. "त्याची खोली, त्याचे मच्छर."

चित्रासारखी खोली मी शिवून दिली. चौकट उभी करून कापड ताणलं तेव्हा ती दिसायला खरंच छान दिसत होती, हे कबूल करते. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी रामदासपेठेतली तीन जोडपी जेवायला बोलावली होती, आणि कुठे काही उसवलं तर असावेत म्हणून आम्हाला थांबवून घेतलं. आम्ही आमच्या टेम्पोजवळ बसलो.

दिवस मावळला आणि ट्रेलरखालून मच्छर आत शिरले. दारातूनही शिरले, कारण डॉक्टरांच्या बायकोला भाजी, पोळ्या, पाणी, सगळं ट्रेलरच्या दारातून बाहेर काढून अख्ख्या खोलीला वळसा घालून व्ह्यूकडून आत न्यावं लागत होतं. तिच्यासाठी प्रत्येक वेळी कोणीतरी पडदा धरून उभं राही. आत आलेल्या मच्छराला बाहेर जायला वाट नाही, जाळी पक्की होती, माझी शिवण होती. बाहेर आम्हाला एक चावत असेल तर आत त्यांना दहा. एक पाहुणे पाय खुर्चीवर घेऊन जेवत होते. एक बाई पदराने सारखं झटकत होती आणि तरीही, किती शांत आहे ना इथे, असं म्हणत होती.

शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि नवऱ्याला म्हणाले, जाळीची भोकं मोठी आहेत, माल हलका वापरलात. मी उठून ट्रेलरखाली बॅटरी मारली. उजेडात मच्छरांचा धूरच दिसत होता. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, सरळ झाले, आणि हे आधी सांगायला हवं होतं, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं.

पाहुणे गोड न खाता निघून गेले.

पुढच्या बुधवारी डॉक्टरांची बायको एकटीच दुकानात आली. आली ती सरळ मशीनपाशी. पिशवीतून तिने गाठी मारलेली सुतळी काढली. ट्रेलरखालची उंची आणि लांबी तिने त्यावर मोजून आणली होती. माप बरोबर निघालं. झालर शिवा, ती म्हणाली, आणि दार ट्रेलरच्या दाराशी घ्या, तुम्ही म्हणाला होता तसं.

मी जरा कुचक्या आवाजातच विचारलं, "डॉक्टरांना विचारलं का?"

"शेत माझ्या वडिलांचं आहे, ताई," ती म्हणाली. "माझं लहानपण त्या बांध्यांवर गेलं. वारा कुठून येतो ते मला ठाऊक नाही होय? तुमच्याकडे यायच्या आधीच मी त्यांना हे सगळं सांगितलं होतं. तुमच्यासमोर दुसऱ्यांदा सांगून दुसऱ्यांदा तेच ऐकायची इच्छा नव्हती."

इतके दिवस मी तिला मुकी म्हणत होते, ते तोंडातल्या तोंडात गिळलं. मग तिला विचारलं, झालर हिरवी चालेल का. ती म्हणाली, कोणतीही, फक्त मातीत पुरता येईल एवढी लांब ठेवा.

झालर लावायला गेलो त्या दिवशी डॉक्टर शहरात होते. तिने स्वतः कुदळ घेऊन ट्रेलरच्या कडेने चर काढला, पदर खोचून. जुनं दार मी शिवून बंद केलं, नवीन कापलं. संध्याकाळी आम्ही दोघी आत बसून चहा प्यालो. एकही मच्छर नव्हता. तिने तिच्या वडिलांबद्दल थोडं सांगितलं, नवऱ्याबद्दल काही नाही.

यंदा दिवाळीनंतर डॉक्टरांचे एक मित्र दुकानात आले. ते त्या रात्री पाय वर घेऊन जेवणारे. त्यांनीही ट्रेलर घेतला आहे. मोबाइलवर त्यांनी डॉक्टरांच्या खोलीचा फोटो दाखवला आणि नवऱ्याला बारकाईने समजावलं, की खाली झालर हवीच आणि दार ट्रेलरच्या दाराशीच हवं. ही डॉक्टरांची कल्पना आहे, त्यांनी फार विचार करून काढली आहे.

मी मशीन थांबवून म्हटलं, माप घ्यायला येऊ तेव्हा वहिनींनाही घेऊन या. त्यांनी विचारलं, ती कशाला? मी म्हटलं, तिथे स्वयंपाक कोण करणार आहे?

रविवारी माप घ्यायला गेलो, तर ते एकटेच आले होते.