बारा वर्षांचं सरबत

सरबत म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझं डोकं उठतं. आजही कुणाकडे गेले आणि त्यांनी कौतुकाने गार पेला पुढे केला, की मी विचारते, चहा नाही का? याला कारण माझी माय.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तीन वर्षांचा होऊन तो भर वैशाखात तापाने गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. वर्षभराने, पुन्हा वैशाखातच, मी झाले. तेव्हा कळमनुरीजवळच्या आमच्या गावात मोहरमची सवारी, म्हणजे पीराचा पंजा, बसलेली होती. मायने मला पदराआड घेऊन सवारीपुढे नवस केला, की पोरगी जगली तर पुढची बारा वर्षं दर मोहरमला घागरभर गार सरबत पाजीन. तसे नवस गावातल्या अर्ध्या हिंदू घरांत होते, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होत्या त्या मायच्या अटी. घागर पुरती रिकामी व्हायला हवी. थेंब सांडायचा नाही, उरलेलं घरी आणायचं नाही. आणि शेवटची ओंजळ मी प्यायची, त्याआधी बोटसुद्धा चाटायचं नाही. यातलं काही चुकलं तर माझ्या जिवाला धोका, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले.

पहिली चार-पाच वर्षं छान गेली म्हणतात. उन्हाने लोक कासावीस व्हायचे आणि घागर बघता बघता रिकामी व्हायची. पण नवसाच्या भरात मायच्या एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. आपल्याकडे अधिक महिना येतो म्हणून सण आपापल्या ऋतूत राहतात. मोहरमचं तसं नाही, तो दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. वैशाखातला चैत्रात आला, चैत्रातला फाल्गुनात, आणि मी सातेक वर्षांची झाले तोवर तो माघात येऊन बसला. लोक घोंगडी पांघरून सवारी बघायला येऊ लागले आणि आम्ही मायलेकी त्यांच्या पुढे गार सरबत घेऊन उभ्या!

"नवस करताना मला तरी इचारायचं," बा म्हणायचा. माय बडीशेप निवडत राहायची.

कामाचं तर विचारूच नका. बडीशेप आणि मिरी रात्रभर भिजवायची, पहाटे पाट्यावर वाटायची, गुळाच्या पाण्यात कालवून फडक्यातून तीनदा गाळायची. वाटण माझ्याकडे. थंडीने बोटं वाकत नसत आणि माय म्हणायची, अजून बारीक. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बाई नव्या घागरीला ओलं फडकं गुंडाळून ती अंगणात वाऱ्याला ठेवायची!

"माय, लोकं काकडून राहिलेत. आनखी गार काहून करून राहिली?"

"सरबत हाय ते. गारच पायजे."



बाराव्या वर्षी मोहरम पौषात आला. संक्रांत तोंडावर होती. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही घागर घेऊन सवारीपाशी गेलो, तर शेकोटीभोवतीची माणसं आम्हाला पाहून खोकायलाच लागली. एकाचा घसा धरला होता, एकाची दाढ ठणकत होती. मी ज्याच्या त्याच्यापुढे जाऊन गयावया केली. कुणी कुणी भीड म्हणून ओंजळ पुढे करी, पाणी हाताला लागताच "बस, बस" म्हणे. ऊन वर आलं तरी अर्धी घागर तशीच. शेवटचं वर्ष, आणि मी रडकुंडीला आले.

सवारीची देखभाल करणारे म्हातारे मुजावर चाचा हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "ताई, निखारे हायेत. कोमट करा, चिमूटभर सुंठ टाका. आत्ता खाली होईल घागर. पीर काय नाराज होत न्हाई."

मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी घागर उचलायला वाकले.

"न्हाई," माय म्हणाली.

मग मात्र माझा ताबा सुटला. सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "मंग मरू दे मला! मेले तरी चालंल, पन तुझं हे गार सरबत नको!"

माय मला मारणार असं वाटलं. तिने मारलं नाही. घागरीवरचं ओलं फडकं नीट करत ती खाली बघून बोलली, "वैद्यानं त्याचं पानी बंद केलं होतं. तापात पानी देऊ नका म्हने. तीन दिवस लेकरू 'माय, गार दे, गार दे' करून राहिलं. मी न्हाई देलं."

बारा वर्षं मला वाटत होतं, नवस माझा आहे.

मुजावर चाचांनी अंगावरची शाल काढून बाजूला ठेवली, मायपुढे बसले आणि ओंजळ धरली. "घाला ताई." ते प्याले, थरथरले आणि पुन्हा ओंजळ धरली. मग शेकोटीजवळची माणसं एकेक करून उठली. दाढ ठणकणारासुद्धा आला. कुणी "बस" म्हणालं नाही.

शेवटची ओंजळ माझी. मायने घागर पार उपडी केली. माझे दात वाजत होते, बोटं बधिर झाली होती, तरी मी थेंब सांडू दिला नाही.

"गार हाय का?" मायने विचारलं.

"हाय माय," मी म्हटलं, "लय गार हाय."